विश्रामबाग, मार्गे सॅन फ्रान्सिस्को

काही गावांना माणूस जातो आणि काही गावे माणसाला नुसती ‘लागतात’. आमची विश्रामबाग ही दुसऱ्या जातीची. सांगलीहून मिरजेस जाणारा रस्ता अवघा नऊ-दहा किलोमीटरांचा. त्याच्या जवळजवळ मध्यावर ती लागते आणि लागते न लागते तोच मागे पडते. नावावरून कोणाला वाटेल की येथे गर्द झाडी असेल, कारंजी असतील आणि दमलाभागला प्रवासी क्षणभर टेकत असेल. प्रत्यक्षात आमच्या चौकात टेकायचे म्हटले तर मागचा रिक्षावाला भोंगा वाजवून उठवील! पुण्यात याच नावाचा वाडा आहे, तो दुसऱ्या बाजीरावाने बांधला. आमच्याकडे वाडा नाही. आमच्याकडे कॉलेजे आहेत. विलिंग्डन कॉलेज १९१९ साली येथे आले, १९४७ साली इंजिनियरिंगचे कॉलेज आले, आणि मग त्यांच्या आधाराने प्राध्यापक, खानावळी, झेरॉक्सची दुकाने आणि भाड्याच्या खोल्या अशी सारी वस्ती वाढत गेली.

मीही त्या वस्तीतलाच एक. जवळच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. येथे येऊन मला बरीच वर्षे झाली. पण कोणी शपथेवर विचारले असते की, विश्रामबाग तुम्ही पाहिली आहे काय, तर मला खाली मान घालावी लागली असती. घर ते कॉलेज, कॉलेज ते मंडई, मंडई ते घर. एवढा त्रिकोण मला डोळे मिटून काढता आला असता. त्रिकोणाबाहेर काय आहे याची चौकशी करण्याचे कारण पडले नाही. ते कारण पुढे पडले, आणि गंमत अशी की ते सॅन फ्रान्सिस्कोहून आले.

माझी धाकटी बहीण कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे असते. २०१८ च्या डिसेंबरात ती आली ती नेहमीप्रमाणे बदाम, चॉकलेटे आणि न बसणारे शर्ट घेऊन. शिवाय तिच्या मुलांनी अडगळीत टाकलेले एक खेळाचे यंत्र. निन्टेन्डो कंपनीचे, १९९६ च्या सुमाराचे. आमच्या चिरंजीवांना तेव्हा अकरावे संपत आले होते. यंत्र अमेरिकन, म्हणजे त्याला विजेचा दाब अर्धाच लागतो. तेव्हा एक विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर मला विकत घ्यावा लागला. तो सुरू केला की पिठाची गिरणी दोन घरे पलीकडे चालली असावी असा घुमे. त्या घुमण्याची पुढे आमच्या घराला सवय झाली.

यंत्राबरोबर खेळ एकच होता : ‘सॅन फ्रान्सिस्को रश’. मोटारींच्या शर्यतीचा. मूळचा तो पैसे टाकून खेळायच्या मोठ्या पेटीतला, १९९६ सालचा. अटारी गेम्स या कंपनीने मिलपिटास या गावी तो तयार केला, आणि हे मिलपिटास माझ्या बहिणीच्या सॅन होजेला अगदी लागून. म्हणजे यंत्र माहेरच्या माणसांबरोबरच आले म्हणायचे!

मोटारींचे खेळ मला नवे नव्हते. आमच्या लहानपणी टी.व्ही.ला जोडायचे चिनी डबे मिळत. त्यांच्या काडतुसावर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे आणि आत वीस-पंचवीसच निघत. त्यात ‘रोड फायटर’ हटकून असायचा. गाडी सरळ वर वर जाते, पेट्रोल संपत येते, रंगीत गाडीला शिवले की थोडे भरते. पुढे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘रोड रॅश’ खेळलो. त्यात तर शेजारच्या मोटारसायकलवाल्याला लाथ मारण्याची सोय होती. एम.ए. झालो आणि हे सारे सुटले. मराठीच्या प्राध्यापकाने लाथा मारू नयेत असा संकेत आहे.

या खेळांचा इतिहास मी नंतर थोडा चाळला. (आमच्या व्यवसायात कशाचाही इतिहास चाळल्यावाचून त्याचा आनंद घेता येत नाही.) १९७४ सालच्या अटारीच्या ‘ग्रॅन ट्रॅक १०’ मध्ये एकच रिंगण होते, आकाशातून पाहावे तसे ते दिसे आणि गाडी त्यात घाण्याच्या बैलासारखी फिरे. १९८२ मध्ये जपानच्या नाम्को कंपनीने ‘पोल पोझिशन’ आणला; त्यात डोळे गाडीच्या मागे आले, समोर फुजी पर्वत आला. पण रस्ता तोच, एकच. फाटा फुटला तो १९८६ साली, सेगाच्या ‘आउट रन’मध्ये. त्याचा कर्ता यू सुझुकी हा तरुण म्हणे भाड्याची मोटार घेऊन युरोपभर हिंडला आणि तिथला रस्ता, समुद्र, डोंगर डोळ्यांत भरून परत आला. त्याच्या खेळात प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्ता दुभंगतो : डावीकडे जा, नाही तर उजवीकडे. एका खेपेत टप्पे पाचच. पण सगळे मिळून पंधरा. हरवायला कोणी नाही, फक्त घड्याळ. मला वाटते, शर्यतीच्या खेळात ‘प्रवास’ शिरला तो त्या फाट्यावर.

‘रश’ने त्यापुढे पाऊल टाकले. तिथे मुख्य रस्ता आहेच, टेकड्यांवरून गाड्या उडतातही. पण त्याच्या अंगाअंगाला बोळ आहेत, भुयारे आहेत, मागच्या बाजूने निघणाऱ्या चोरवाटा आहेत. घरच्या यंत्रावरच्या खेळात तर कर्त्यांनी प्रत्येक मार्गावर आडजागी किल्ल्या लपवून ठेवल्या आहेत. पुरेशा किल्ल्या जमल्या की नवी मोटार मिळते. किल्ली शोधायची तर शर्यत सोडावी लागते, आणि शर्यत जिंकायची तर किल्लीकडे पाहायची सोय नाही.

चिरंजीवांनी काय निवडले हे सांगायलाच नको. स्वारी दर शर्यतीत शेवटची! प्रथम मला वाटले, मुलाला खेळता येत नाही. मग ध्यानात आले की तो खेळतच नाही, भटकतो. शर्यतीऐवजी ‘सराव’ घ्यायचा म्हणजे बाकीच्या गाड्या नाहीशा होतात. आणि मग रिकाम्या शहरात भिंतींना नाक लावीत हिंडायचे. एकदा तर माझ्यातला बाप आणि मास्तर दोघेही एकदम जागे झाले. मी म्हणालो, “अरे, सगळे पुढे गेले. तू मागे काय हुंगतोयस?”

तो म्हणाला, “बाबा, पुढे काय आहे ते मला माहीत आहे.”

उत्तर उद्धट होते की शहाणपणाचे, हे मला ठरवता येईना. म्हणून मी यंत्र परीक्षेपर्यंत कपाटात ठेवले.

ते बाहेर निघाले २०१९ च्या ऑगस्टमध्ये. त्या महिन्यात सांगलीत काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची रेषा पंचेचाळीस फुटांची. पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. २००५ च्या पुराने भिंतीवर जिथे खूण केली होती तिथपर्यंत सामान उचलून ठेवले की झाले, असा लोकांचा हिशेब होता. नदीला हा हिशेब कोणी सांगितला नव्हता. मारुती चौक गेला, गणपती पेठ गेली, गावभाग गेला. विश्रामबाग त्यामानाने उंचावर. तेव्हा ज्याचे ज्याचे कोणी इकडे होते तो तो बोचके घेऊन इकडे आला. मिरजेकडे जाताना मागे पडणाऱ्या या गावाला त्या आठवड्यात लोक मुद्दाम येत होते. आमच्या तीन खोल्यांत एकंदर अकरा माणसे होती. दुधाला रांग, पेट्रोलला रांग. वीज कधी असे, कधी नसे.

त्या अकरांत माझे मामा-मामी होते. मामा एस.टी.त ड्रायव्हर होते. १९७७ ला लागले, २००९ ला निवृत्त झाले. रत्नागिरी, चिपळूण, मुंबई अशा लांबच्या गाड्या त्यांनी काढल्या. बोलका माणूस, लग्नाच्या पंगतीत ते जिथे बसतील तिथे आंबा घाट सुरू व्हायचा. पण त्या दिवशी आले ते भिंतीला टेकून बसले आणि बोलेनात. घर सोडताना मामींनी दागिने घेतले होते, देव घेतले होते. मामांचा पत्र्याचा ट्रंक मात्र खालीच राहिला होता. त्यात त्यांची खाकी टोपी, प्रशस्तिपत्रे आणि ड्रायव्हरचा पितळी बिल्ला. “दुसऱ्या खेपेला आणतो म्हणाले,” मामी हळूच म्हणाल्या, “दुसरी खेप झालीच नाही.”

तीन दिवस मामा तसेच बसून होते. चहा दिला की घेत, जेवायला बोलावले की उठत. मोबाइलवर कोणी नदीचे चित्र दाखवू लागला की तोंड फिरवीत. चौथ्या दिवशी दुपारी वीज आली आणि घरातल्या पाच पोरांना गप्प बसवायचे म्हणून आमच्या सौ.ने स्वतः होऊन यंत्र कपाटातून काढले. ट्रान्सफॉर्मर घुमू लागला. पोरे गलका करू लागली. आणि मामांची मान वळली.

बराच वेळ ते नुसते पाहत होते. मग एकदम म्हणाले, “वळणावर असा घालतात होय रे? मागचं चाक बघ की जरा.”

चिरंजीवांनी मागे वळून पाहिले आणि दांडा त्यांच्या हातात दिला. “तुम्ही चालवा, आजोबा.”

ते हाताळायचे साधन म्हणजे तीन शिंगांचा एक चमत्कारिक ठोकळा. मामांनी तो उलटासुलटा करून पाहिला. “क्लच कुठाय ह्याला?” क्लच नाही म्हटल्यावर त्यांना ती गाडीच खोटी वाटली. (मूळच्या मोठ्या पेटीला क्लचसुद्धा होता, तीन पेडल आणि चार गिअर, हे मला मागाहून कळले; मामांना सांगितले तेव्हा त्यांनी ‘मग बरोबर’ अशी मान हलवली.) पहिल्याच टेकडीवरून गाडी उडाली, भिंतीवर आपटली, तिचा भडका उडाला, आणि दुसऱ्या क्षणी नवी कोरी गाडी रस्त्यावर उभी! मामा स्तब्ध झाले. “एवढंच? पंचनामा नाही? चौकशी नाही? वरिष्ठांपुढं उभं राहायचं नाही?” तीन दिवसांनी घरात माणसे हसली. मामीही हसल्या.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. शर्यतीत मामांना रस नव्हता. उतारावर गाडी सावकाश घ्यायची हे बत्तीस वर्षे हातात मुरलेले. त्यांची गाडी दर वेळी पोरांच्याही मागे राही. चिरंजीवांनी त्यांना ‘सराव’ लावून दिला. रिकामे शहर. मामा आपल्या चालीने निघाले. एका बोळाच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली. “इथनं आत काय आहे?”

“जाऊन बघा की.”

“जायचं? रूट सोडून?”

हा प्रश्न त्यांनी थट्टेने विचारला नव्हता. ते सांगू लागले. बोलत होते नातवाशी. आम्ही ऐकत होतो. सांगली–रत्नागिरी गाडी मलकापूर सोडून आंब्याला येते. घाट उतरण्याआधी डाव्या हाताला एक फाटा आहे, विशाळगडाचा. बाजीप्रभूंनी १६६० साली खिंड अडवून धरली ती याच गडाकडे जाणाऱ्या वाटेवर. “त्या फाट्यावरनं किती वेळा गेलो असेन रे मी! प्रत्येक खेपेला वाटायचं, हितनं आत वळावं. पण मागं चाळीस-पन्नास माणसं, बोर्डावर रत्नागिरी लिहिलेलं. घाट उतरलं की साखरपा, तिथनं मारलेश्वरला रस्ता फुटतो. तोही नाही बघितला. बाकीचे लोक म्हणतात ड्रायव्हर म्हणजे जग बघितलेला माणूस. मी काचेतनं बघितलं बाबा.”

आणि त्यांनी गाडी बोळात घातली. बोळाच्या शेवटी, एका कठड्याच्या आड, हवेत गरगर फिरणारी एक किल्ली होती. पोरांनी घर डोक्यावर घेतले.

पाणी उतरायला आठवडा लागला. पाणी उतरणे म्हणजे संकट संपणे नव्हे. तिथून ते सुरू होते. राजवाडा चौकापलीकडे घोटाघोटाएवढा गाळ, आणि त्या गाळाचा वास. माझ्या ओळखीचा एकच रस्ता. तो सामानाच्या ढिगांनी आणि ट्रकांनी तुंबलेला. मी गाडी मागे घेणार तोच मामा म्हणाले, “प्राध्यापक, गाडी इथंच ठेव. बोळातनं जाऊ.” आणि मागच्या आसनावरचे चिरंजीव मोठ्या गंभीरपणे म्हणाले, “मला वाटलंच.” मामा पुढे, मुलगा मध्ये, मी मागे, असे आम्ही गावभागात शिरलो. घराचे दार फुगून बसले होते. ट्रंक सापडला, उलटा. टोपीचा लगदा झाला होता. प्रशस्तिपत्रांवरची शाई कागदभर पसरून निळा ढग झाला होता. बिल्ला मिळाला नाही. आम्ही चार दिवस गाळ उपसला; प्रत्येक घमेले मामा स्वतः हाताने चाचपून मगच बाहेर टाकू देत. शेवटी मामीच म्हणाल्या, “पुरे झालं.”

घर राहण्यासारखे व्हायला दिवाळी उजाडली. तेवढे महिने मामा-मामी विश्रामबागेतच होते आणि त्या काळात मला माझे गाव दाखवण्याचे काम मामांनी केले. संध्याकाळी नातवाला स्कूटरवर मागे घ्यायचे आणि निघायचे. नियम एकच : ज्या रस्त्याने गेलो त्याने परत यायचे नाही. परत आल्यावर चिरंजीव वहीत लिहीत, ‘आजची किल्ली’. ती वही आजही आहे. एका दिवशी विश्रामबागचे रेल्वे स्टेशन, तिथले फलाटाच्या टोकाचे बाक. एका दिवशी वानलेसवाडी : मिरजेचे मिशन हॉस्पिटल १८९४ साली उभे करणारे डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या नावाची वाडी. क्षयरोग्यांचे आरोग्यधाम तिथे होते, हे मी रोज त्या नावाची पाटी वाचून कधी मनात आणले नव्हते. एका दिवशी मिरजेची सतारमेकर गल्ली, दाराशी रचलेले मोठमोठे भोपळे. “ह्यातनं आवाज कसा काय निघतो?” असे वहीत लिहिले आहे, उत्तराची जागा मोकळी.

आणि एके रविवारी दोघे मलाही ओढून हरिपूरला घेऊन गेले. हरिपूर सांगलीपासून तीन-चार किलोमीटर. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचे देऊळ. श्रावणी सोमवारी मी तिथे गेलेलो होतोच. पण हे दोघे देवळाकडे न जाता गावात वळले. हळद साठवायची जमिनीखालची पेवे कुठे आहेत ते मामांना पाहायचे होते. घरांच्या भिंतींवर पुराच्या रेघा अजून ओल्या असाव्यात तशा दिसत होत्या. फिरता फिरता मुलाने विचारले, “बाबा, तुम्ही शिकवता ते नाटक इथल्याच माणसाचं ना?” होय. गोविंद बल्लाळ देवल मूळ हरिपूरचे. त्यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ सालचे. मी ते वर्गात कितीतरी वेळा शिकवले. जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न, पात्रचित्रण, भाषाशैली अशा मथळ्यांची टिपणे मला तोंडपाठ. आणि ज्या गावाच्या गल्लीबोळांत तो माणूस वाढला, त्यांत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाय ठेवीत होतो, तेही एका निवृत्त ड्रायव्हरचे बोट धरून. मुलाला मी फक्त “हो” म्हणालो.

पुढच्या जानेवारीत मी मामांना विचारले, “विशाळगडला जायचे का?” गाडी मी चालवीत होतो. मलकापूर गेले, आंबा आले. मी वेग कमी केला. शेजारी बसलेल्या मामांचा डावा हात आपोआप गिअरच्या दांड्याकडे आला आणि मध्येच थांबला. बोलले काहीच नाहीत. मी डावीकडे वळलो. दोन्ही बाजूंनी दाट झाडी, रस्ता अरुंद; मामा काच खाली करून लहान मुलासारखे डोके बाहेर काढून पाहत होते. गडावर बाजीप्रभूंच्या समाधीपाशी ते बराच वेळ बसले. उतरताना म्हणाले, “चांगला आहे रस्ता. मोठी गाडीही आली असती.”

तेव्हापासून दिवाळीला एक क्रम ठरून गेला आहे. मामा-मामी भाऊबिजेला येतात. फराळ झाला की कपाटातून यंत्र निघते. चिरंजीव आता पुण्यास शिकतात. त्यांच्या वसतिगृहातल्या मुलांजवळ हल्ली असे खेळ आहेत म्हणे, की ज्यांत मैलोन्‌मैल मोकळा मुलूख असतो आणि झाडाचे पान न्‌ पान दिसते. तरी घरी आले की ते त्या जुन्या ठोकळ्यासमोरच मांडी घालून बसतात. मामांना आता दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू होऊन गेले. ते दांडा हातात घेत नाहीत. मागे खुर्चीत बसून वाट सांगतात. एका मार्गावरची एक किल्ली आम्हांला अजून मिळालेली नाही. कुठे असेल ते इंटरनेटवर मिनिटभरात कळेल असे मी एकदा सुचवले, तर आजोबा-नातवांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की मी चकलीचा डबा आणायला आत गेलो.

आतून ट्रान्सफॉर्मरचा आवाज येत होता आणि मामांचा : “हळू घे. हां. आता त्या भिंतीच्या कडेकडेनं.”